क्षेपणास्त्र चाचणीवर नजर ठेवायला जमिनीवरची रडार आणि वरचे उपग्रह पुरत नाहीत का? मग ही ट्रॅकिंग जहाजं कशासाठी?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे जहाज नक्की काय मोजतं, आणि परक्या देशाचं असं जहाज ऐन चाचणीच्या वेळी जवळ येऊन उभं राहिलं तर त्याला हाकलता का येत नाही. मी व्यापारी जहाजांवर नेव्हिगेटिंग ऑफिसर होतो. क्षेपणास्त्रांशी माझा संबंध त्यांच्यापासून लांब राहण्यापुरताच आला. पण हलत्या जहाजावरून एखादी गोष्ट अचूक मोजणं किती कटकटीचं असतं हे त्या नोकरीत पुरेपूर कळतं, आणि माझ्या मते या जहाजांची खरी गोम तिथेच आहे.

आधी भूमिती. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो, पृथ्वी मात्र खाली वळत जाते. जहाजाच्या डोलकाठीवर २५ मीटर उंचीला रडार बसवलं तर पाण्यालगतची वस्तू त्याला साधारण २० किलोमीटरपर्यंत दिसते, त्यापुढे नाही. वस्तू उंचावर असेल तर पल्ला वाढतो. २०० किलोमीटर उंचीवरची वस्तू सुमारे १,६०० किलोमीटरवरून दिसू शकते. म्हणजे प्रक्षेपण केंद्रावरच्या रडारला क्षेपणास्त्राची चढाई छान दिसते, माथ्याकडचा भागही बऱ्यापैकी दिसतो. पण ५,००० किलोमीटर पल्ल्याचं क्षेपणास्त्र वातावरणात शिरायला लागतं तेव्हा ते त्या रडारच्या दृष्टीने केव्हाच मावळलेलं असतं. रडार कितीही ताकदवान करा, मध्ये पृथ्वी आडवी आहे.

मग पलीकडच्या टोकाला दुसरं रडार हवं. तिथे आपली जमीन असेल तर प्रश्न मिटला. अमेरिका कॅलिफोर्नियातून सोडलेली क्षेपणास्त्रं सुमारे ६,७०० किलोमीटरवर, प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन या प्रवाळबेटाच्या परिसरात उतरवते आणि तिथे तिची रडार कायमची बसवलेली आहेत. सोव्हिएत संघाने कामचाटका द्वीपकल्पावर कुरा नावाचं चाचणी मैदान राखलं. रशिया आजही ते वापरतो. फ्रान्सला मात्र अटलांटिकवर अवलंबून राहावं लागतं. भारताचं अग्नी-५ ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून सुटतं ते थेट हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, आणि तिथे सगळीकडे पाणीच पाणी. अशा ठिकाणी रडार न्यायचं तर ते तरंगतंच हवं.

आता उपग्रहांचं. धोक्याची सूचना देणारे उपग्रह मुख्यतः इंजिनाच्या ज्वाळेची उष्णता टिपतात. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची इंजिनं पहिली तीन ते पाच मिनिटं जळतात आणि विझतात. त्यानंतर उरतो तो एक लहानसा शंकू, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकाचं शीर्ष. ना ज्वाळा, ना धूर. क्षेपणास्त्र कुठून सुटलं आणि साधारण कुठे जाईल हे उपग्रह सांगू शकतो, आणि युद्धात तेवढं पुष्कळ झालं. चाचणी घेणाऱ्या अभियंत्याचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. त्याला हवे असतात ते शेवटचे काही सेकंद.

हे शेवटचे सेकंद म्हणजे काय? आंतरखंडीय पल्ल्याचं शीर्ष सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास वेगाने वातावरणात शिरतं. १०० किलोमीटर उंचीपासून पाण्यापर्यंतचा प्रवास अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपतो. तेवढ्यात जहाजाला दोन कामं उरकायची असतात. पहिलं ऐकण्याचं. क्षेपणास्त्रातली यंत्रणा दाब, तापमान, कंपनं, कुठली झडप कधी उघडली, असली असंख्य मापं सतत रेडिओवरून पाठवत असते. यालाच टेलिमेट्री म्हणतात. जहाजावरच्या मोठ्या तबकड्या ही मापं पकडतात. यात एक मोठी अडचण आहे. एवढ्या वेगात शीर्षाभोवतीची हवा इतकी तापते की तिचा प्लाझ्मा होतो आणि रेडिओलहरी त्यातून पार होत नाहीत. ज्या क्षणाची माहिती सगळ्यात मोलाची, नेमक्या त्याच क्षणी संपर्क तुटतो. म्हणून ती मापं शीर्षातच साठवून ठेवतात आणि वेग उतरला की पाण्यावर आदळण्याआधीच्या उरल्यासुरल्या वेळात भराभर परत पाठवतात. तेव्हा ते शीर्ष बरंच खाली आलेलं असतं, त्यामुळे ऐकणारा जवळपासच असावा लागतो.

दुसरं काम पाहण्याचं. रडार शीर्षाचा वेग क्षणोक्षणी मोजतं, आणि तो वेग कुठल्या उंचीवर किती घटतो यात बरीच गुपितं असतात. शत्रूच्या रडारला चकवायला शीर्षाबरोबर हलक्या फसव्या वस्तू सोडतात. अंतराळात त्या आणि शीर्ष बरोबरीने जातात, कारण तिथे हवेचा अडथळा नाही. विरळ हवा लागली की मात्र पीस आणि गोटी एकदम वेगळी व्हावीत तसं होतं. जी वस्तू लवकर मंदावली ती हलकी, जी सरळ घुसली ती जड. मंदावण्याच्या दरावरून वस्तूचं वजन आणि तिला होणारा हवेचा विरोध यांचं प्रमाण काढता येतं, आणि त्यावरून शीर्षाच्या बनावटीचा बराच अंदाज बांधता येतो. प्रतिध्वनी ठरावीक तालात कमीजास्त होत असेल तर वस्तू गिरक्या घेते आहे हेही कळतं.

यासाठी मोठ्या जहाजांवर सहसा दोन प्रकारची रडार असतात. साधारण १० सेंटिमीटर तरंगलांबीचं एस-बँड रडार मोठ्या आकाशात शोध घेतं. ३ सेंटिमीटरच्या आसपासचं एक्स-बँड रडार सापडलेल्या वस्तूकडे बारकाईने पाहतं. संकेताची बँडविड्थ, म्हणजे त्यातल्या वारंवारितांचा पट्टा, १ गिगाहर्ट्झ असेल तर एकामागे एक असलेल्या दोन वस्तूंमधलं १५ सेंटिमीटरचं अंतरसुद्धा वेगळं ओळखता येतं, तेही शेकडो किलोमीटरवरून. अमेरिकेच्या हॉवर्ड ओ. लॉरेन्झन या जहाजावर अशी रडारची जोडी आहे. आणि वीज? अंतर दुप्पट झालं की परत येणारा प्रतिध्वनी सोळावा हिस्सा उरतो, त्यामुळे या जहाजांना वीज भरपूर लागते. भारताच्या आयएनएस ध्रुव या ट्रॅकिंग जहाजाच्या बाबतीत १४ मेगावॉटचा आकडा बातम्यांत आला होता.

पण रडार काय, पैसे असतील तर बनवता येतं. माझ्यासारख्याला थक्क करणारी गोष्ट वेगळी आहे. रडार सांगतं की वस्तू ‘माझ्यापासून’ इतकी दूर, या दिशेला, इतक्या वर आहे. यातला हा ‘मी’ कुठे आहे? जमिनीवरचं रडार सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलेलं असतं, त्याची जागा आणि दिशा एकदा मोजली की काम झालं. जहाज मात्र त्याच क्षणी पुढे सरकत असतं, कुशीवर डोलत असतं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वरखाली होत असते आणि अख्खं जहाज लाटेबरोबर उचललं जात असतं. ५ अंशांचा डोल म्हणजे खलाशाच्या लेखी शांत समुद्र. तेच ५ अंश १,००० किलोमीटरवर नेले तर ८७ किलोमीटरची चूक होते. अंशाचा शंभरावा भाग चुकला तरी १७५ मीटर गेले.

हा आकडा मला का झोंबतो ते सांगतो. व्यापारी जहाजावर जायरोकंपासची, म्हणजे फिरत्या चक्रावर चालणाऱ्या होकायंत्राची, त्रुटी तपासायची जुनी पद्धत अशी: सूर्य उगवताना किंवा मावळताना ब्रिजच्या (जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या) बाहेरच्या पंखावर जायचं, कंपासची दिशा दाखवणाऱ्या तिथल्या तबकडीवर, रिपीटरवर, दिशा वाचायचं कडं बसवायचं आणि सूर्याची खालची कड क्षितिजापासून साधारण अर्ध्या सूर्याइतकी वर असते तो क्षण पकडून दिशा वाचायची. मग पंचांगातून सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर, घ्यायची, आपला अक्षांश घ्यायचा, खरी दिशा काढायची आणि वजाबाकी करायची. अर्ध्या अंशाची त्रुटी निघाली तर ती लॉगबुकात लिहायची आणि पुढे चालायचं. अर्ध्या अंशाने मालवाहू जहाज हरवत नाही. ट्रॅकिंग जहाजाची हीच त्रुटी १,००० किलोमीटरवर जवळपास ९ किलोमीटर होते आणि मोहीम फुकट जाते.

त्यामुळे या जहाजांत अँटेनाजवळच जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रं असतात, ती प्रत्येक हेलकावा मोजतात आणि अँटेना तेवढीच उलट फिरवली जाते, किंवा संगणक आलेल्या मापातून तो हेलकावा वजा करतो. आपली जागा कळायला आता जीपीएस आहे. त्याआधी तारे होते, आणि काही ठिकाणी समुद्रतळावर ध्वनियंत्रं ठेवून त्यांच्यापासूनचं अंतर मोजत.

इतकं करूनही एक शत्रू उरतो तो म्हणजे खुद्द जहाजाचं पोलाद. दोनशे मीटर लांबीचं जहाज बाहेरून कितीही कणखर दिसलं तरी ते वाकतं. लाटेचा माथा मधोमध आला की मधला भाग उचलला जातो, दोन लाटांच्या माथ्यांवर टोकं टेकली की मधला भाग खाली झुकतो. एका कुशीला ऊन आणि दुसरीला सावली असेल तरी पत्रे कमीजास्त प्रसरण पावून जहाज किंचित पिळलं जातं. माल चढवताना हे वाकणं मर्यादेत आहे ना, एवढंच आम्ही पाहायचो. इथे मात्र दिशा मोजणारं यंत्र जहाजाच्या मधोमध आणि अँटेना पन्नास मीटर पुढे असेल, तर या दोघांमधला कोनच दर क्षणाला बदलतो. तो मोजायला जहाजाच्या आत एका ठिकाणाहून दुसरीकडे प्रकाशकिरण सोडून त्याचं सरकणं पाहतात. चंद्रमोहिमांच्या काळातल्या अमेरिकी जहाजांतही ही वाकणूक मोजायची सोय होती. शिवाय मोहिमेआधी ठरावीक मापाचा धातूचा गोळा फुग्याला लटकवून सोडायचा आणि रडार त्यावर पारखायचं, कक्षा ठाऊक असलेले उपग्रह टिपून पाहायचे, हे सगळं आलंच.

एवढी तयारी करून जहाज थांबून राहतं. हवामान बिघडलं, एखादी झडप अडली, प्रक्षेपण पुढे गेलं, की पुन्हा नेमून दिलेल्या चौकोनातलं तेच पाणी. कधी उलटंही होतं आणि प्रक्षेपणालाच जहाजासाठी थांबावं लागतं. मंगळयानाचं उदाहरण आठवा. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा विझल्यावर चौथा पेटेपर्यंत सुमारे पंचवीस मिनिटं यान नुसतं तरंगत जाणार होतं आणि चौथा टप्पा पेटणार होता दक्षिण प्रशांत महासागरावर, जिथून इस्रोच्या कुठल्याच जमिनीवरच्या केंद्राला तो दिसणार नव्हता. म्हणून भारतीय नौवहन महामंडळाची नालंदा आणि यमुना ही जहाजं अँटेना चढवून तिकडे पाठवली. खराब हवामानामुळे नालंदाला पोहोचायला उशीर झाला आणि २८ ऑक्टोबर २०१३चं प्रक्षेपण ५ नोव्हेंबरला झालं. ही नौदलाची जहाजं नव्हती, साधी व्यापारी जहाजं होती. काम मात्र तेच.

खरं तर या जहाजांचा इतिहासच जुनी जहाजं वापरून घेण्याचा आहे. अपोलोसाठी अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धातले तेलवाहू टँकर कापून लांब केले आणि त्यांवर तबकड्या चढवल्या. व्हॅनगार्ड, रेडस्टोन आणि मर्क्युरी ती हीच. जनरल हॉइट व्हॅन्डेनबर्ग हे मूळचं सैनिकवाहू जहाज. ते २००९ साली फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ मुद्दाम बुडवलं, आज पाणबुडे हौसेने पाहायला जातात. सोव्हिएत संघाची अडचण आणखी मोठी, कारण जगभर केंद्रं उभारायला त्यांच्याकडे तेवढे मित्रदेश नव्हते आणि दिवसातल्या पाच-सहा प्रदक्षिणा अशा असायच्या की यान त्यांच्या भूमीवरून दिसतच नसे. त्यातून जन्मलं कॉस्मोनॉट युरी गागारिन: १९७१ साल, २३१ मीटर लांबी, २५ मीटर व्यासाच्या दोन तबकड्या आणि १२ मीटरच्या आणखी दोन. तबकड्या डेकवर इतक्या उंच आणि रुंद की वारा धरला तर त्यांचं शीड व्हायचं. पुढे अवकाशातूनच संदेश पुढे धाडणारे उपग्रह आले, सोव्हिएत संघ फुटला, जहाज युक्रेनकडे गेलं आणि १९९६ साली भंगारात निघून गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं गेलं. त्याहून हळहळ वाटते ती उरल या अणुशक्तीवरच्या २६५ मीटर लांबीच्या जहाजाची. क्वाजालीनकडे टेहळणीसाठी ते बांधलं, आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्याने नादुरुस्त होऊन बंदरातच काढली. आज रशियाकडे मार्शल क्रिलोव आहे, फ्रान्सकडे १९९२पासून मोंज, चीनकडे युआन वांग मालिका. भारताचं ध्रुव विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डने बांधलं, १७५ मीटर लांब, आणि १० सप्टेंबर २०२१ला ते सेवेत दाखल झालं.

चीनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मे १९८०मध्ये त्यांनी डीएफ-५ हे क्षेपणास्त्र पहिल्यांदा पूर्ण पल्ल्यावर दक्षिण प्रशांत महासागरात सोडलं, तेव्हा युआन वांग १ आणि २ तिथे हजर होती. शीर्षातून मापांची कुपी वेगळी होऊन पाण्यात पडली, तिच्यातून रंग पसरला, आणि हेलिकॉप्टरमधून पाणबुड्याने उतरून काही मिनिटांत ती उचलली. घाई अशासाठी की आजूबाजूला परकी जहाजंही पाहत होती.

इथून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. स्वतःची चाचणी मोजणारं जहाज आणि दुसऱ्याची चाचणी चोरून पाहणारं जहाज यांत यंत्रांचा काही फरक नसतो, फरक जागेचा असतो. अमेरिकेच्या ऑब्झर्व्हेशन आयलंड या जहाजावर १९८१ साली कोब्रा जूडी नावाचं रडार बसवलं ते मुख्यतः कामचाटकाकडे येणारी सोव्हिएत शीर्षं पाहायला. आणि याला निव्वळ चोरीही म्हणता येत नाही. शस्त्रकपातीचे करार झाले तेव्हा दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या अशा तांत्रिक टेहळणीत अडथळा न आणायचं कबूल केलं, कारण तपासणीचा तोच मार्ग होता. १९९१च्या स्टार्ट करारात तर टेलिमेट्री सांकेतिक करण्यावर बंदी घातली होती.

कुठे उभं राहायचं हे परक्या जहाजाला कसं कळतं, याचं उत्तर निरस आहे: आपणच सांगतो. ब्रिजवर उपग्रह-संदेशांचा छोटा प्रिंटर असतो. तो बीप करतो, कागदाची पट्टी बाहेर येते. हिंदी महासागराच्या या भागाला नेव्हएरिया ८ म्हणतात आणि तिथले इशारे भारतच देतो. पट्टीवर तारखा, जागतिक वेळ, चार-पाच अक्षांश-रेखांश आणि या क्षेत्रापासून दूर राहा एवढाच मजकूर. सेकंड ऑफिसरने, म्हणजे माझ्या काळात मी, ते बिंदू पेन्सिलीने चार्टवर टाकायचे, जोडायचे आणि आपला मार्ग त्यातून जातो का ते पाहायचं. चौकोन बहुधा एकापेक्षा जास्त असतात. एक किनाऱ्याजवळ, पहिला टप्पा पडेल तिथे; पुढचा बराच लांब; शेवटचा कुठल्या कुठे. फूटपट्टी धरून ते चौकोन एका रेषेत जोडले की दिशा कळते आणि पल्ल्याचाही अंदाज येतो. मालवाहू जहाजावर पेन्सिलीने जे होतं ते नौदलाला न जमण्याचं कारण नाही. इशारा दडवावा तर मच्छीमार आणि विमानं धोक्यात.

हाकलण्याचं म्हणाल तर किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे कुठल्याही देशाचा पूर्ण अंमल चालत नाही. २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात मासे, तेल आणि शास्त्रीय संशोधन यांवर किनारी देशाचा हक्क आहे. परक्या लष्करी हालचालींना तिथे संमती लागते असं भारत मानतो, अमेरिका मानत नाही, आणि वाद तसाच पडून आहे. त्यापलीकडचा समुद्र सगळ्यांचा, आणि अग्नी-५ पडतं ते याच समुद्रात. म्हणूनच ऑगस्ट २०२२मध्ये युआन वांग ५ हंबनटोटा बंदरात आलं तेव्हा भारताने दबाव आणला तो श्रीलंकेवर. बंदरात घ्यायचं की नाही हे यजमानाच्या हातात असतं. श्रीलंकेने आधी भेट पुढे ढकलायला सांगितलं, मग अटी घालून १६ तारखेला येऊ दिलं, आणि २२ला जहाज निघून गेलं.

भर समुद्रात मात्र चाचणी घेणाऱ्याने आपली टेलिमेट्री सांकेतिक करायची, किंवा पाहुणा निघून जाईपर्यंत तारीख पुढे ढकलायची, एवढंच हाती उरतं. ध्रुव उद्या दुसऱ्या कुणाच्या चाचणीच्या वेळी खुल्या समुद्रात जाऊन उभी राहिली तर तिलाही हेच नियम.